ऐंशी लाखांची पिढी

१९६६ साली जपानमध्ये १३ लाख ६१ हजार मुलं जन्मली. आदल्या वर्षी १८ लाख २४ हजार जन्मली होती, पुढच्या वर्षी १९ लाख ३६ हजार जन्मली. मधल्या एकाच वर्षी साडेचार लाखांचा खड्डा. युद्ध नव्हतं, दुष्काळ नव्हता, साथ नव्हती. उलट कारखाने धडाडून चालले होते. कारण पंचांगात होतं. साठ वर्षांतून एकदा ‘हिनोए-उमा’ हे अग्नी आणि घोड्याचं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याच्या मुळावर येते, अशी जुनी समजूत. आपल्याकडे पत्रिकेत कडक मंगळ निघाला की मुलीच्या आईबापांना घोर लागतो, तसाच हा प्रकार. पण मंगळ एकेकीच्या वाट्याला येतो, हा घोडा देशातल्या सगळ्याच मुलींच्या वाट्याला एकदम येतो. पुढे लग्न जमवताना पंचाईत नको, म्हणून लाखो जोडप्यांनी त्या वर्षी मूलच टाळलं.

दर स्त्रीमागे मुलांची सरासरी त्या वर्षी १.५८ वर उतरली आणि लगेच पुन्हा दोनच्या वर गेली. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग जून १९९० मध्ये आदल्या वर्षाचा आकडा जाहीर झाला, तो निघाला १.५७. घोड्याच्या वर्षापेक्षाही कमी, आणि या खेपेस पंचांगाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. वर्तमानपत्रांनी त्याला ‘१.५७ चा धक्का’ म्हटलं. ज्या वर्षाचा हा आकडा, त्या १९८९ च्या एप्रिलमध्ये देशात पहिल्यांदा तीन टक्के उपभोग कर लागला होता आणि २९ डिसेंबरला निक्केई हा शेअर निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला होता. त्या उंचीवर परत यायला निक्केईला फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. (जाता जाता: २०२६ हे पुन्हा घोड्याचं वर्ष. जन्म आधीच इतके घटलेत की समजुतीने आणखी घटवावं असं फारसं उरलेलं नाही.)

अर्थकारणात जी भाकितं केली जातात त्यांत डोळे मिटून विश्वास ठेवावा असं एकच असतं: माणसांच्या संख्येचं. २०२४ साली जपानमध्ये सुमारे ६ लाख ८६ हजार मुलं जन्मली. म्हणजे २०४४ साली तिथे वीस वर्षांचे जपानी तरुण त्याहून जास्त असणार नाहीत. व्याजदर पुढच्या दिवाळीला किती असेल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण हे वीस वर्षं आधी सांगता येतं. मग इतकी आगाऊ सूचना मिळूनही सरकारं, बँका आणि शेअर बाजार दर वेळी गाफील कसे सापडतात? मला वाटतं, याचं कारण असं की माणसांची संख्या आपण होऊन काहीच करत नाही. ती मतपेटीतून जाते आणि बँकेच्या पासबुकातून जाते, आणि या दोन्ही वाटांवर तिला भलतीच वळणं लागतात. ती वळणं बघायची तर एका पिढीच्या मागोमाग चालत जावं.

ही पिढी १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत जन्मली. महायुद्धातून घरी परतलेल्या सैनिकांची मुलं. तीन वर्षांत मिळून ८० लाखांहून अधिक. ‘दांकाई’ हे तिचं नाव सकाइया ताइची यांच्या १९७६ च्या कादंबरीमुळे रूढ झालं. तिच्यामागोमाग दार जवळजवळ बंदच झालं. हरलेल्या, भुकेल्या देशाने १९४८ मध्ये गर्भपाताला वाट देणारा कायदा केला, १९४९ मध्ये आर्थिक अडचण हेही कारण त्यात घातलं, आणि १९४९ साली दर स्त्रीमागे ४.३२ असलेली सरासरी १९५७ पर्यंत २.०४ वर आली. आठ वर्षांत निम्म्याहून कमी! पुढच्या कित्येक वर्षांचं सुख आणि दुःख या एका ओळीत आहे. घरात पोसायची तोंडं कमी, म्हातारी माणसं अजून थोडी, आणि हाताशी भली मोठी तरुण फौज. १९६० साली ६५ च्या पुढच्या एका माणसामागे कमावत्या वयाची अकरा माणसं होती. या अवस्थेला आपल्याकडे हल्ली भाषणांतून ‘लोकसंख्येचा लाभांश’ म्हणतात. तो कायमचा मिळत नाही, एकदाच मिळतो, हे भाषणात सांगायचं बहुधा राहून जातं.

या पिढीतली कितीतरी मुलं पंधराव्या वर्षी, शाळा संपताच, ईशान्येकडच्या आओमोरीसारख्या भागांतून खास आगगाड्यांत बसून तोक्योच्या उएनो स्टेशनवर उतरली. गाड्या भरून पोरं यायची आणि फलाटावर कारखानदार, दुकानदार नावांच्या पाट्या घेऊन उभे असायचे. या पोरांना तिथे ‘सोन्याची अंडी’ म्हणत. ज्यांना कॉलेज परवडलं त्यांनी १९६८-६९ मध्ये विद्यापीठं बंद पाडली. तोक्यो विद्यापीठाला १९६९ ची प्रवेश परीक्षा रद्द करावी लागली. पण काही वर्षांतच तीच मुलं केस कापून, कोट घालून कंपन्यांत रुजू झाली. त्यांना राहायला जागा हवी म्हणून तोक्योच्या पश्चिमेला तामा न्यू टाऊन वसलं. १९७१ पासून तिथे माणसं राहायला आली. पाच मजली इमारती, लिफ्ट नाही. पंचविशीतल्या जोडप्याला लिफ्ट कशाला?

माणसं शहरात आली, पण त्यांच्या गावांच्या वाट्याच्या संसदेतल्या जागा गावातच राहिल्या. १९७२ च्या निवडणुकीत सर्वांत विरळ मतदारसंघातल्या एका मताचं वजन सर्वांत दाट मतदारसंघातल्या पाच मतांच्या जवळपास भरत होतं, गुणोत्तर ४.९९. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये हे घटनाबाह्य ठरवलं, तरी निवडणूक मात्र रद्द केली नाही. सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाची सगळी भिस्त या हलक्या झालेल्या गावांच्या जड मतांवर होती. म्हणून भात पिकवणाऱ्यांना संरक्षण मिळत राहिलं, डोंगर फोडून रस्ते होत राहिले, आणि माजी पंतप्रधान तानाका काकुएई यांच्या नीगाता प्रांताला १९८२ मध्ये बुलेट ट्रेन मिळाली. शहरात आलेली पिढी कर भरत होती आणि ती मागे सोडून आलेली गावं तो कर कुठे खर्चायचा हे ठरवत होती.

कोकणात याच्या उलट घडलं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. त्याआधी २००१ च्या आकड्यांवर मतदारसंघांची फेररचना झाली, तेव्हाच रत्नागिरीचे सातचे पाच आणि सिंधुदुर्गाचे चारचे तीन आमदार झाले होते. संगमेश्वर, खेड, मालवण, वेंगुर्ले हे मतदारसंघ २००९ पासून विधानसभेच्या यादीत नाहीत. चाकरमानी गणपतीला घर उघडतो, पण मत नालासोपाऱ्यात किंवा डोंबिवलीत देतो. जपानमध्ये अशी जोडाजोडी बरीच उशिरा झाली: २०१६ मध्ये वरिष्ठ सभागृहासाठी तोत्तोरी आणि शिमाने हे दोन प्रांत मिळून एक मतदारसंघ केला गेला, तोकुशिमा आणि कोची यांचाही तसाच, आणि तिथल्या लोकांनी बरीच ओरड केली. हाच प्रश्न आता देशभराच्या पातळीवर आपल्यापुढे येऊन ठेपला आहे. लोकसभेच्या जागांची राज्यांतली वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली महाराष्ट्राची सरासरी दर स्त्रीमागे १.७ मुलांवर आलेली होती. ज्यांनी कुटुंब आटोपशीर ठेवलं त्यांच्या जागा कमी व्हाव्यात का, या वादात दक्षिणेइतकंच महाराष्ट्राचंही काही पणाला लागलं आहे. आपले पुढारी त्यावर फार बोलत नाहीत, एवढंच.

पुन्हा तानाकांकडे येऊ. १९७३ साली त्यांच्या सरकारने सत्तरीपुढच्या सगळ्यांना वैद्यकीय उपचार मोफत केले. ही सोय तोक्योच्या डाव्या विचारांच्या राज्यपालांनी, मिनोबे यांनी, आधीच केली होती. ती शहरांत मतं खेचते हे पाहून सत्ताधाऱ्यांनी उचलली. त्या वेळी देशात शंभरात सात-आठच माणसं ६५ च्या पुढची होती, म्हणून हिशेब जमत होता. दवाखान्यांच्या बाकांवर रोज सकाळी म्हाताऱ्यांची बैठक भरायला लागली. तेव्हाचा एक विनोद तिथे अजून सांगतात: “आज ते आले नाहीत वाटतं?” “नाही, बरं नाहीये त्यांना.” १९८३ मध्ये ही मोफत सोय बंद करून थोडीफार फी लावावी लागली. शंभरात सात वृद्ध ते शंभरात चौदा वृद्ध हा पल्ला गाठायला फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षं लागली होती. जपानने तो १९७० ते १९९४ या चोवीस वर्षांत गाठला. १९६१ साली सगळ्यांना लागू झालेली पेन्शन आणि १९७३ चे उपचार हे तरुण देशाने तरुणपणीच्या हिशेबाने दिलेले शब्द होते, आणि दिलेला शब्द मागे घ्यायला निवडणुकीला उभा राहिलेला कुणीच तयार होत नाही.

मग पैसा आणायचा कुठून? उपभोग करातून. या कराने किती सरकारं खाल्ली ते पाहण्यासारखं आहे. पंतप्रधान ताकेशिता यांनी तो १९८९ मध्ये आणला. एका मोठ्या शेअर घोटाळ्याची भर पडून ते त्याच वर्षी गेले आणि जुलैमध्ये पक्षाने वरिष्ठ सभागृहातलं बहुमत घालवलं. हाशिमोतो यांनी १९९७ मध्ये तो तीनवरून पाचवर नेला, पुढच्या वर्षी निवडणूक हरली, राजीनामा. २०१२ मध्ये एरवी विरोधात बसणाऱ्या पक्षाचं राज्य असताना नोदा यांनी तो दहापर्यंत नेण्याचा कायदा केला आणि डिसेंबरमध्ये त्यांच्या पक्षाचं पानिपत झालं. शिंझो आबे यांना धडा कळला. २०१४ च्या एप्रिलमध्ये आठ टक्क्यांचा कडू घोट पाजून झाल्यावर दहा टक्क्यांची वाढ त्यांनी लांबणीवर टाकली, त्याच मुद्द्यावर निवडणूक घेतली आणि जिंकली. पुढे ती आणखी एकदा लांबवली. २०१९ च्या ऑक्टोबरात ती अखेर लागू झाली. जेवढा कर गोळा झाला नाही तेवढं कर्ज झालं, आणि सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीच्याही पुढे गेलं.

इथे वित्तबाजार येतात, आणि इथेच पुस्तकी शहाणपण तोंडघशी पडलं.

पुस्तक असं सांगतं: माणूस तरुणपणी कर्ज काढतो, पन्नाशीत साठवतो, म्हातारपणी साठवलेलं खातो. म्हणजे वृद्धांचा देश बचत मोडणार, पैसा महाग होणार, व्याज चढणार, आणि एवढ्या कर्जात बुडालेल्या सरकारचे रोखे कोसळणार. परदेशी सट्टेबाजांनी जपानी सरकारी रोख्यांचे भाव पडतील यावर पुन्हा पुन्हा पैसे लावले. पुन्हा पुन्हा हात पोळले. या सौद्याला बाजारात ‘विधवा करणारा सौदा’ असं नाव पडलं. १९९० च्या सुमाराला सात-आठ टक्क्यांच्या आसपास असलेलं दहा वर्षांच्या रोख्यांचं व्याज घसरत घसरत २०१६ मध्ये शून्याच्या खाली गेलं.

झालं काय होतं? एक तर म्हाताऱ्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. आपण किती जगू हे ठाऊक नाही, म्हणून त्यांनी बचत जपून ठेवली. जपानी कुटुंबांची आर्थिक मालमत्ता २,२०० लाख कोटी येनहून अधिक आहे. तिच्यातला जवळपास निम्मा भाग आजही रोख आणि ठेवींच्या रूपात पडून आहे, आणि बराचसा साठीपुढच्यांच्या नावावर. बँकांनी आणि पोस्टाने या ठेवी घेतल्या आणि सरकारी रोख्यांत घातल्या, कारण कर्ज मागायला दुसरं कुणी येत नव्हतं. कंपन्यांना कशाला हवं होतं कर्ज? कमावत्या वयाची, म्हणजे १५ ते ६४ वयाची माणसं १९९५ मध्ये ८ कोटी ७० लाखांवर पोहोचून उताराला लागली होती. गिऱ्हाईक घटत जाणाऱ्या गावात नवा कारखाना कुणी काढत नाही. त्यांनी कारखाने चीन, थायलंडमध्ये काढले आणि घरी जुनी कर्जं फेडली. पुढे सेंट्रल बँकच नोटा छापून रोखे घेऊ लागली आणि एकूण रोख्यांतले जवळपास निम्मे तिच्याच तिजोरीत जाऊन बसले.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. भाव घसरत असताना शून्य व्याजाची ठेवसुद्धा दरसाल थोडी वजनदार होते. पेन्शनीवर जगणाऱ्याला अशी मंदी सोसते. नोकरी शोधणाऱ्या बाविशीच्या पोराला नाही. २००४ मध्ये कोइझुमी सरकारने पेन्शन हळूहळू आटवण्याचं एक सूत्र कायद्यात घातलं होतं, पण भाव घसरत असतील तर ते सूत्र लागू करायचं नाही अशी मेख त्यातच होती. ते पहिल्यांदा लागू झालं २०१५ मध्ये! अकरा वर्षं मंदीने पेन्शनरांची ढाल धरली. तशी कुणी कारस्थान करून आणलेली ही मंदी नव्हती. पण ती हटवण्याची घाई कुणाला नव्हती, त्यामागे मतदार कोण होते हेही एक कारण होतं, असं माझं मत.

मतदार कोण होते? २०२१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत विशीतल्यांपैकी जेमतेम ३६-३७ टक्क्यांनी मतदान केलं, साठीतल्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिकांनी. संख्येने आधीच जास्त, वर उत्साहानेही जास्त. तिथे याला ‘चंदेरी लोकशाही’ म्हणतात. तिचा बाजारातला अवतार पाहायचा तर सम महिन्यांच्या पंधरा तारखेला पाहावा. जपानमध्ये पेन्शन दर महिन्याला येत नाही; फेब्रुवारी, एप्रिल, जून अशी दोन-दोन महिन्यांची एकदम, पंधरा तारखेला जमा होते. त्या दिवशी एटीएमपुढे रांगा लागतात, आणि “आजोबा, मीच बोलतोय, अडचणीत आहे, पैसे पाठवा” असे फोन करून वृद्धांना लुबाडणाऱ्या टोळ्या सक्रिय असतात म्हणून पोलीस एटीएमजवळ उभे राहून विचारपूस करतात. एऑन या मोठ्या दुकानसाखळीत दर पंधरा तारखेला ५५ वर्षांपुढच्या कार्डधारकांना पाच टक्के सूट असते. लहान मुलांच्या डायपरचं उत्पादन देशात थांबवून मोठ्यांच्या डायपरवर भर देण्याचा निर्णय ओजी या कागद उद्योगातल्या बड्या कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केला.

या लोकशाहीत खरं बोलणंही कठीण. २०१९ च्या जूनमध्ये वित्तीय सेवा नियामकाच्या एका समितीने साधा हिशेब मांडला: निवृत्त जोडप्याला पेन्शनपेक्षा महिन्याला सुमारे ५५ हजार येन जास्त लागतात, म्हणून आणखी तीस वर्षं जगायचं तर दोन कोटी येन गाठीला हवेत. समितीचा हेतू एवढाच की लोकांनी पैसे नुसते कपाटात न ठेवता गुंतवावेत. देशभर गहजब झाला. महिन्यावर निवडणूक होती. अर्थमंत्री आसो यांनी अहवाल अधिकृतपणे स्वीकारायलाच नकार दिला. आकडे तपासत बसण्याऐवजी अहवालच नको म्हटलं.

आता जमिनीबद्दल. १९८० च्या दशकाच्या शेवटी तोक्योच्या जमिनीला सोन्याचे भाव आले, तेव्हा दांकाई पिढी चाळिशीत होती, म्हणजे घर घेण्याच्या ऐन वयात. म्हणून काही जण तो फुगवटा या पिढीच्याच माथी मारतात. मला ते पटत नाही. १९८५ च्या, चलनांच्या दरांविषयीच्या प्लाझा करारानंतर येन महागला, निर्यात वाचवायला सेंट्रल बँकेने व्याज अडीच टक्क्यांवर आणून १९८७ ते १९८९ तिथेच ठेवलं. आग त्या स्वस्त पैशाने लावली. पण फुगा फुटल्यावर भाव पुन्हा का उठले नाहीत, याचं उत्तर मात्र वयांत आहे. मोठ्या सहा शहरांतल्या व्यापारी जमिनीचे भाव पुढच्या पंधरा वर्षांत शिखराच्या पाव भागाच्याही खाली गेले, कारण मागून येणारी रांग लहान होती. आता देशात ९० लाख घरं रिकामी आहेत. तामा न्यू टाऊनच्या जिन्यांवर सत्तरीपुढची माणसं कठड्याला धरून चढतात.

तरीही एक सावधगिरीचा इशारा. १९८९ मध्येच ग्रेगरी मॅनकिव आणि डेव्हिड वाइल या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी निव्वळ जन्मांच्या आकड्यांवरून भाकीत केलं की अमेरिकेत घरांच्या किमती २००७ पर्यंत महागाई वजा जाता ४७ टक्क्यांनी उतरतील. प्रत्यक्षात किमती इतक्या चढल्या की त्या फुटल्यावर जगभर मंदी आली. माणसं मोजणं सोपं असतं. बँका त्यांना किती कर्ज देणार, बाहेरून किती लोक येणार, घर बांधायला परवानगी मिळणार की नाही, हे जन्माच्या दाखल्यात लिहिलेलं नसतं. निक्केईचंही तेच. २०२४ मध्ये त्याने जुना उच्चांक मोडला, त्या एका वर्षात जपानी नागरिकांची संख्या नऊ लाखांहून अधिकने घटली. निर्देशांकातल्या बड्या कंपन्या कमावतात अमेरिकेत आणि आशियात. त्यांचा नफा जपानी पाळण्यांवर आता तितका अवलंबून नाही.

घरात न खपणारा हा पैसा बाहेर पडला आणि मुंबईपर्यंत आला. २०१४ मध्ये सरकारी पेन्शन निधीने, जगातल्या सर्वांत मोठ्या निधींपैकी एकाने, देशी रोख्यांचा वाटा साठ टक्क्यांवरून ३५ वर आणायचं ठरवलं आणि शेअर व परदेशी कागद घेतले. शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जावर उभा राहिला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं कर्ज ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीचं. असं कर्ज देणारा देश दानशूर असतो असं नव्हे. त्याच्या घरी पैशाला दुसरं गिऱ्हाईक नसतं आणि त्याच्या रेल्वे कंपन्यांना नवे रूळ टाकायला आपल्या देशात फारशी जागा उरलेली नसते. शिवाय कर्ज येनमध्ये, म्हणजे पन्नास वर्षांत येन वर गेला तर भार आपला. याच स्वस्त येनमध्ये उसने घेऊन जगभर शेअर घेणारेही होते. ३१ जुलै २०२४ ला जपानच्या सेंट्रल बँकेने व्याज वाढवून पाव टक्का केलं. फक्त पाव टक्का! अमेरिकेतल्या मंदीच्या शंकेची त्यात भर पडली, उसनवारांची पळापळ झाली आणि ५ ऑगस्टला निक्केई १२ टक्क्यांहून अधिक कोसळला. त्याच दिवशी दलाल स्ट्रीटवर सेन्सेक्स २,२२२ अंकांनी खाली आला. इथल्या म्युच्युअल फंडवाल्याला त्या दिवशी जपानच्या म्हाताऱ्यांशी आपला काय संबंध हे कुणी सांगितलं नसेल, पण दूरचा का होईना, तो होता.

दांकाई पिढीची मुलं १९७१ ते १९७४ मध्ये जन्मली, वर्षाला वीस लाखांच्या वर. तिशीत पोहोचल्यावर तीही मुलं जन्माला घालतील आणि गाडी सावरेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण ती कॉलेजातून बाहेर पडली १९९३ नंतर, फुगा फुटल्यावर. कंपन्यांनी आपल्या पन्नाशीतल्या कायम नोकरदारांना, म्हणजे त्यांच्याच बापांना, हात लावला नाही. नवी भरती थांबवली. पोरांच्या वाट्याला कंत्राटी, तात्पुरती कामं आली. त्या काळाला तिथे नोकऱ्यांचं ‘हिमयुग’ म्हणतात. कायम नोकरी नाही म्हणून लग्न नाही, आणि जपानमध्ये लग्नाबाहेर मूल जवळजवळ होतच नाही. अपेक्षित तिसरी लाट आलीच नाही. माझ्या मते जपानची खरी चूक इथे झाली, आणि ती १९९५ ते २००५ या दहा वर्षांत झाली. मुलांसाठी पैसा नंतर ओतला गेला, २०२३ मध्ये स्वतंत्र संस्थाही निघाली, पण तोवर त्या लाटेतल्या बायका पन्नाशीला आल्या होत्या.

२०२४ संपेपर्यंत दांकाई पिढी पूर्णपणे पंचाहत्तरीपार गेली. कमावत्या वयाची माणसं ७ कोटी ४० लाखांवर आलीत. एका वृद्धामागे अकराच्या जागी दोन. बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या, निवृत्तीचं वय लांबलं, तरी ट्रक चालवायला आणि वृद्धाश्रमात अंग पुसायला माणसं मिळत नाहीत. म्हणून परदेशी माणसांना दरवाजा किलकिला झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये २३ लाख परदेशी कामगार होते, सर्वाधिक व्हिएतनामचे. येन उतरल्यामुळे तिथल्या पगारातून घरी पाठवायला पूर्वीइतके पैसे उरत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठीही आता स्पर्धा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचं उद्दिष्ट ठरवलं. त्यांत ५० हजार कुशल भारतीय जपानला जायचे आहेत. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी. ती आजवर बहुतेक भाषांतर आणि सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांकडे जायची. शुश्रूषेच्या परवान्याला मात्र रोजच्या व्यवहारापुरती जपानी आणि त्यावर शुश्रूषेच्या शब्दांची वेगळी परीक्षा द्यावी लागते. त्या परवान्यावर साधारण पाच वर्षं राहता येतं आणि नवरा, बायको, मुलं यांना बरोबर नेता येत नाही.

आणि हा किलकिला दरवाजाही सगळ्यांना मान्य आहे असं नाही. जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ‘जपानी आधी’ म्हणणाऱ्या सानसेइतो या नव्या पक्षाने १४ जागा जिंकल्या. देशाच्या लोकसंख्या संशोधन संस्थेचा २०२३ चा अंदाज सांगतो की २०७० साली जपानमध्ये ८ कोटी ७० लाख माणसं असतील आणि दहातलं एक माणूस परदेशी असेल. हा अंदाज वर्षाला सुमारे १ लाख ६४ हजार परदेशी माणसं येऊन राहतील, असं धरून केलेला आहे. जन्मांचे आकडे आता हातात आहेत. ही १ लाख ६४ हजार माणसं येऊ द्यायची की नाहीत हे अजून मतपेटीत ठरायचं आहे.